शांताचं खरं नाव

डोळे धड मिटत नाहीत आणि धड उघडेही राहत नाहीत, अशी उल्काबाईंची दुपार चालली आहे. विद्यापीठाचं अतिथिगृह, ओढलेले पडदे, वर कुरकुरणारा पंखा. संध्याकाळी त्यांच्या पुस्तकाला बक्षीस मिळायचंय. कायदा आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक परिषद आहे, ती देते. पुस्तकाच्या कामाला निधीही तिनंच दिला होता. म्हणजे खरं तर आनंदीआनंद हवा. पण बाईंच्या जिवाला चैन नाही. जिच्या जोरावर पुस्तक उभं आहे, तिचं नावच त्यांना आठवत नाही.

पुस्तकात ती शांता आहे. राहत्या घराच्या उताऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं दिराशी भांडणारी शांता. खरं नाव वेगळंच. निधीची अट होती, माणसांची नावं बदला आणि काम संपलं की खऱ्या नावांची नोंदही नष्ट करा. उल्काबाई तिला मावशी म्हणायच्या. त्या मावशीनं तेव्हाच हटकलं होतं, "नाव लागावं म्हून मी भांडतीया, आन तू खोडतीस व्हय?" उल्काबाईंनी हसून नियम समजावला होता. मग तो इतका चोख पाळला, की डोक्यातूनही नाव गेलं! तोंडात कायम मावशीच असायचं. गेल्या उन्हाळ्यात मावशी वारली, मागं कुणी नाही. आज भाषणात तिचं नाव घ्यायचं, एवढं एकच मनात आहे. पण घेणार काय, कपाळ!

पंखा कुरकुरता कुरकुरता गप्प होतो, आणि उल्काबाई कोर्टाच्या व्हरांड्यात फरशीवर बसलेल्या आहेत. शेजारी पाय पसरून मावशी शेंगा फोडतेय.

"आलीस? सरक इकडं, ऊन लागंल."

"मावशी, तुम्ही तर..."

"गेले. म्हाईत हाय मला. शेंगा खा."

शेंगा भाजलेल्या आहेत, चांगल्या खमंग. उल्काबाईंना विचारायचंय की तिकडं कसं असतं, कोण कोण भेटतं. पण मावशीच पुढं सरसावते. चौकशा करायची तिची हौस काही गेलेली नाही.

"बक्षीस मिळतंय म्हनं? कशाचं?"

"तुमच्या भांडणावर लिहिलं, त्याचं."

"भांडले मी, आन बक्षीस तुला?" मावशी इतकी हसते की मांडीवरची टरफलं सांडतात. "आन निधी म्हंजी काय ग?"

"अभ्यासाला पैसे देतात. फिरायला, राहायला, लोकांशी बोलायला."

"बोलायला पैसं? आगं बाई! मी तर फुकट बोलत बसले की!"

उल्काबाईंनाही हसू फुटतं. तेवढ्यात दारात शिपाई येऊन पुकारा करतो, "शांताबाई, हाजीर!"

कुणी उठत नाही.

"मावशी, तुमचा पुकारा झाला."

"माझा? ही शांता कोन? येऊ दे की, बघू तरी कशी दिसती." मावशी खरंच मान उंच करून गर्दीत शोधते.

व्हरांड्याच्या पायऱ्या चढलं की सभागृहाचं व्यासपीठ आहे. न्यायाधीशांच्या जागी परिषदेचे अध्यक्ष शाल उलगडून उभे आहेत. त्यांचे हात भरून आलेत. खुर्च्या सगळ्या रिकाम्या, आणि खुर्च्यांच्या मधल्या जागेत, जमिनीवर, पिशव्या सांभाळत बायका बसल्यात.

"लवकर बोला हो," अध्यक्ष काकुळतीला येतात, "कुणाच्या खांद्यावर घालू?"

उल्काबाई एक युक्ती करतात. "मावशी, एक उखाणा घ्या ना, छानसा."

"लबाड! उखाण्यात मालकाचं नाव येतं. माझं कुठनं येनार?"

मग मात्र उल्काबाईंचा धीर सुटतो. "मी तुमचं नाव विसरले हो. फार लाज वाटते मला."

मावशी रागावत नाही. नवल वाटल्यासारखी बघत राहते. "इसरलीस? कसं काय ग? तूच तर शिकिवलंस."

ते मावशीचं स्वयंपाकघर आहे. परातीत पीठ पसरलंय, चूल धुमसतेय.

"मी आंगठा द्यायची. तू म्हनलीस, सही करा. तारखेची वाट बघत व्हरांड्यात धुळीत गिरवून घ्यायचीस माझ्याकडनं. दे, बोट दे इकडं."

मावशीचा हात खरखरीत आणि ऊबदार आहे. बोट पिठातून वळतं, खाली उतरतं, पुन्हा वर जातं. पांढऱ्यावर पांढरं, काही दिसत नाही.

"वाचता येत नाही, मावशी!"

"वाचू नगंस. हात चालू दे. आन वरची रेघ मार. मी इसरले की वरडायचीस माझ्यावर."

उल्काबाई रेघ मारतात. दार वाजतं.

"मॅडम, गाडी आलीय," अतिथिगृहातल्या ताई चहाचा कप घेऊन आत आल्यात. पंखा कुरकुरतोय. उल्काबाईंचा हात पलंगाबाहेर आलाय, बाजूच्या बुटक्या टेबलावर टेकलाय. त्या टेबलावर धुळीचा चांगला थर आहे, किती दिवसांत कुणी फडकं फिरवलेलं नाही. बोटाचं टोक मळलंय. आणि धुळीत, वाकडीतिकडी पण वरच्या रेघेसकट, दोन अक्षरं.

हौसा.

"हौसामावशी," उल्काबाई मोठ्यानं म्हणतात. त्यांना रडू येतं आणि हसूही येतं.

"अगंबाई, टेबल पुसायचं राहिलंच की!" ताई ओशाळतात आणि खांद्यावरचं फडकं काढतात.

"अहो, थांबा!" उल्काबाई दोन्ही हात टेबलावर आडवे धरतात. "पुसू नका. एकदा पुसलंय मी."