टीव्हीत रडणारी माझी मावसबहीण

माझ्या मावसबहिणीइतकं सुंदर रडणारी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात झाली नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत होणारही नाही. हे मी नुसत्या कौतुकानं लिहिते आहे असं कुणी समजू नये. मी तिच्यावर जळते, आणि ते साऱ्या तीर्थपुरीला ठाऊक आहे. लहानपणी घनसावंगीच्या जीपमध्ये पुढची जागा हवी असली की ही बया डोळे भरून ड्रायव्हरकडे बघायची, आणि तो एखाद्या मिशाळ पाहुण्याला उठवून तिला पुढे बसवायचा. मी तिच्याहून मोठी, दिसायला बरी (हे मावशीही मान्य करते), तरी मी मागे, कुणाच्या तरी कोंबडीशेजारी. जागा मिळाली की ती वळून मला डोळा मारायची.

बाजारात अर्धा तास जाऊन आली की चार बायका अंगात घेऊन यायची. एकीचं चालणं, दुसरीचं पदर सावरणं, तिसरीचं भाव करणं. एकदा तिनं शेजारच्या काकूंचा आवाज असा काढला की काकूंचे यजमान पलीकडून "आलो, आलो" म्हणत खरंच आले. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राणी होते आणि ती दासी. तिला वाक्य एकच होतं, पण ते म्हणताना ती अशी रडली की नाटक संपल्यावर बायका दासीची विचारपूस करत होत्या आणि राणी कोपऱ्यात आपला मुकुट आपणच काढत होती. पुढे ती मुंबईला गेली. पहिल्या सिनेमात ती प्रेताभोवती बसलेल्या बायकांमध्ये होती. आम्ही सगळे जालन्याला जाऊन तो बघून आलो. मावशी थेटरात उभी राहून तिला बोटानं दाखवत होती, तेवढ्यात प्रेत उचललं आणि आमचा सिनेमा संपला. मग एका सिनेमात ती नर्स झाली, एका मालिकेत वहिनी झाली, आणि अखेर तिला मोठी भूमिका मिळाली ती तरुण विधवेची.

तोवर तिचं लग्न झालं होतं, आणि माझंही होऊन गेलं होतं. नवरा एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात होता. एका सकाळी मोटारसायकलवर कामाला निघाला आणि वाटेत अपघातात गेला. मी माहेरी परत आले, शाळेवर शिकवू लागले. भूमिका मिळाल्यावर तिनं पहिला फोन मला केला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं, "अक्का, कुंकू लावता लावता बाया तुला ओलांडून म्होरं जातात, तवा तू हाताचं काय करतीस गं?" दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी फोन आपटला असता. तिला मात्र सांगितलं, की पदराच्या काठाला काहीतरी लागलंय असं दाखवून मी तो अंगठ्यानं चोळत बसते. महिनाभरानं तो काठ टीव्हीवर आला. तिनं तो चोळला, डोळ्यातून एकच थेंब सोडला, आणि गाव हळहळलं. भाजीवाला मावशीला कोथिंबीर जास्त घालू लागला, "पोरीवर लई वाईट वेळ आली" म्हणाला. मीही त्याच्याकडूनच भाजी घेते. मला कधी एक काडी जास्त मिळाली नाही. माझं दुःख तिनं माझ्याहून चांगलं करून दाखवलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

यंदा आमच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली. मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरत होते; त्या दिवशी मी बाहेर बसणं सोडून दिलंय. बाहेर शेजारच्या काकू करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत आल्या, हिच्यापाशी त्यांचा हात थबकला, आणि त्या हिला ओलांडून पुढच्या बाईकडे गेल्या. हिचा नवरा, चांगला धडधाकट माणूस, तिथंच ओसरीवर चहा पीत होता. बायका खो खो हसल्या. काकू ओशाळून म्हणाल्या, "ध्यानातच न्हाई राह्यलं बाई. रोज टीव्हीत तुला तसंच बघून राह्यले."

सगळ्या हसत होत्या, ही एकटी हसली नाही. तिला हाताचं काय करावं ते समजेना. ती उठून आत माझ्याजवळ येऊन बसली. डोळे कोरडे होते. "मी चुकीचं केलं गं अक्का," ती म्हणाली. "तिथं रडू येतच न्हाई."

"न्हाई येत," मी म्हटलं. "मंग येतं. घरी गेल्यावर."

बाहेरून काकूंच्या हाकांवर हाका चालू होत्या. चुकलं माझं, ये ना गं, लावू दे मला, असं त्या विनवत होत्या. हिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तू बी चल."

"माझं टीव्हीतलं न्हाई, बाई. जा तू."

ती गेली. काकूंनी तिला भलंमोठं कुंकू लावलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी दाराशी उभी राहून बघत होते. इतकी वर्षं मी तिच्या मुंबईवर, तिच्या नावावर, तिच्या रडण्यावरसुद्धा जळत आले. त्या दुपारी मला त्यातलं काही नको होतं. चुकून ओलांडलं म्हणून काकू तिला पुन्हा पुन्हा बोलावत होत्या. तशी एक हाक मला माझ्या नावानं ऐकायची होती.