नुसता बसायला ये

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास ताईचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होतो. ठाण्याच्या या शाळेत मी सव्वीस वर्षं क्लार्क आहे आणि कामाच्या वेळी ताई मला कधी फोन करत नाही. "विनू, हे गेले रे," ती म्हणाली. "चहा घेत होते. कप खाली ठेवला आणि गेले." आवाज रडका नव्हता, दमलेला होता. मी "निघतो" म्हणालो आणि शिक्का पॅडवर ठेवला. त्या क्षणी मला काय वाटलं ते आज सात आठवड्यांनी लिहून टाकतो, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं काही खरं वाटणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता रविवारी फोन येणार नाही... असं मनात आलं.

दत्ताभावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान. गाव जुन्नरकडचं, माळशेज घाट चढून गेलं की पुढे बरंच आत. सगळी नोकरी डोंबिवलीला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून. घर टिटवाळ्याला, बैठं, पुढे शेवग्याचं झाड आणि एका गाडीपुरती मोकळी जागा. आता चारी बाजूंना उंच इमारती उठल्यात आणि त्यांच्या बाल्कन्यांतून ते अंगण खाली विहिरीसारखं दिसतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या मोकळ्या जागेत भावोजींनी एक जुनी डिझेल जीप आणून उभी केली. आणली म्हणजे टेम्पोला बांधून ओढत आणली. कापडी हूड फाटलेलं, पत्रा गंजलेला, पण चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. त्यांच्या गावच्या घरापर्यंत शेवटचे तीन-चार किलोमीटर नुसते धोंडे आणि चिखल. साधी गाडी फाट्यावरच ठेवावी लागे आणि पुढे सामान डोक्यावर. "ही चढेल," भावोजी म्हणाले. "तुझ्या ताईला थेट दारात नेऊन उतरवतो की नाही बघ."

मी त्या रविवारी खरं तर मटण खायला गेलेलो. जेवण व्हायचं होतं, भावोजी गाडीखाली आडवे झालेले, आणि खालून आवाज आला, "विनू, जरा बॅटरी धर रे." मी वाकून खाली उजेड धरला. ती बॅटरी माझ्या हातात अठरा वर्षं राहिली असं म्हटलं तरी चालेल. मला गाड्यांची आवड नव्हती, आजही नाही. पण दर रविवारी कळव्याहून टिटवाळ्याला जायचं, अंगणात जुनी चादर टाकायची आणि भावोजी मागतील तो पाना त्यांच्या हातात द्यायचा, हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं ते सांगता येणार नाही. नवव्या-दहाव्या रविवारी मी न विचारता बरोबर नंबरचा पाना पुढे केला. त्यांनी तो हातात घेऊन माझ्याकडे बघितलं आणि आत बघून ओरडले, "शोभा, तुझा भाऊ कामाला लागला गं!" तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि मला फार बरं वाटलेलं.

काम काही संपायचं नाही. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरून होईतो रेडिएटर गळायला लागायचा, रेडिएटर झाला की क्लच. नुसती दुरुस्ती असती तर एक वेळ ठीक, पण भावोजींना गाडी होती त्याहून चांगली करायची होती. मूळचे ब्रेक धड लागत नाहीत म्हणून पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे ब्रेक. स्टीअरिंग जड म्हणून दुसऱ्या गाडीचं पॉवर स्टीअरिंग. ते बसवायला दीड वर्ष गेलं, कारण ज्या गाडीचं ते होतं तिची नि हिची मापं जुळत नव्हती, आणि दर रविवारी आम्ही लोखंडाची एक पट्टी कापून, घासून, लावून बघून पुन्हा काढत होतो. अशा प्रत्येक सुधारणेला भावोजी "बढती" म्हणत. "या महिन्यात हिला बढती द्यायची." स्वतः ते फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. याबद्दल मी त्यांना एकदा चिडवलं, तर पाना पुसत म्हणाले, "अरे, कुणाला तरी मिळू दे की."

गाडी गावाला गेली का? नाही गेली. एकदा निघालो होतो मात्र. भावोजी, ताई आणि मी, मागे पाण्याचे दोन कॅन, भाकऱ्या, ठेचा आणि गावच्या देवाला नारळ. मुरबाडच्या थोडं पुढे इंजिन इतकं तापलं की समोरचं काही दिसेना, सगळी वाफ. दोन्ही कॅन रेडिएटरमध्ये ओतले, ताईची प्यायची बाटलीही ओतली. मग रस्त्याकडेच्या उसाच्या गुऱ्हाळाशेजारी बसून भाकऱ्या खाल्ल्या आणि तिथेच नारळ फोडला. ताई इतकी हसत होती की तिला उचकी लागली. "देव इथपर्यंत चालत येईल, तुमची गाडी जाणार नाही," असं ती म्हणाली, आणि भावोजींनी गंभीरपणे मान हलवून सांगितलं की पंखा मोठा लागेल. परतताना आम्ही पुन्हा एका टेम्पोच्या मागे दोरीला बांधलेले. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलेली, याच जीपवर. त्या दिवशी दोरीवरच्या गाडीचं स्टीअरिंग त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः शेजारी बसून पंख्याची मापं काढत राहिले.

मग वर्षं गेली, दुसरं काय. माझं लग्न झालं, मुलगी झाली. आमची आई माझ्याकडे कळव्याला असते; तिला अर्धांगवायू झाल्यापासून सकाळी तिला उचलून खुर्चीत बसवणं आणि रात्री उचलून पलंगावर ठेवणं हे माझं काम. सहा दिवस शाळा. सातव्या दिवशी टिटवाळा. पन्नाशी उलटली तसं रविवारी सकाळी डोळे उघडले की आधी ग्रीसचा वास आठवायचा आणि पुन्हा मिटून घ्यावेसे वाटायचे. भावोजींवर राग नव्हता. गाडीचाही नव्हता. नुसता थकवा... आणि तो कुणाला सांगायचा, तर जो माणूस आपल्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा असून आनंदाने गाडीखाली सरपटतोय त्याला?

गेल्या दसऱ्याला आम्ही जीपला हार घातला. त्यानंतरच्या रविवारी मी फोन करून सांगितलं की माझी कंबर धरली आहे आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. कंबरेला काही झालं नव्हतं. भावोजी एकदम काळजीत पडले. "अरे मग येऊ नकोस. कंबर म्हणजे माणसाची चासी रे. ती गेली की बाकी काय बसवणार वर?" मी फोन ठेवला आणि दुपारी दोन तास झोपलो. कित्येक वर्षांत तसा झोपलो नव्हतो.

पण दर रविवारी चार वाजता त्यांचा फोन यायला लागला. आधी कंबर कशी आहे, शेक घेतोस का, आणि मग त्या दिवशीचं काम. आज हे उघडलं, आज ते घासलं. मी सोफ्यावर पडून "हं, हं" करत ऐकायचो. मार्चमधल्या शेवटच्या रविवारीही फोन आला. आवाजात काहीतरी दाबून ठेवलेलं होतं, लहान मुलासारखं. "विनू, पुढच्या रविवारी ये. काम काही करायचं नाही. पान्याला हात लावायचा नाही. नुसता बसायला ये." मी म्हणालो, "बघतो भावोजी, आत्ता जरा पाहुणे आलेत." पाहुणे कुणी नव्हते. क्रिकेटची मॅच चालू होती. त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी ते गेले.

तेराव्याचं जेवण झालं, मंडळी पांगली, ताईची मुलगी पुण्याला परत गेली. जाताना तिने हळू आवाजात विचारलं, "मामा, गाडीचं काय करायचं?" मी म्हटलं, बघू. संध्याकाळी ताई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "गाडी बघितलीस का? बघ एकदा." मी ताडपत्री ओढली. जीपची डावीकडची सीट बदललेली होती. पूर्वी तिथे लोखंडी चौकटीवर चार बोटं जाडीची गादी होती, ताठ, उभी, दगडावर बसल्यासारखी. आता तिथे एका मोटारीची सीट होती, पाठ मागे कलणारी, कंबरेपाशी फुगीर. तिला निळ्या कापडाची नवी खोळ. दाराखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाय ठेवायला एक लोखंडी पायरी जोडलेली. वर हाताला धरायला दांडी. ड्रायव्हरची सीट होती तशीच होती. फाटलेलं रेग्झिन आणि त्यावर गोणपाट.

"पाच महिने त्यातच होते," ताई म्हणाली. "पायरी तीनदा काढून परत लावली. उंची बघायला मला चढ-उतर करायला लावायचे. म्हणायचे, विनूला कंबर वाकवायला लागता कामा नये. खोळ मी शिवली."

मी त्या पायरीकडे बघत उभा राहिलो. मग ताईजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, एवढंच म्हणालो, "ताई, माझी कंबर कधी दुखलीच नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"भाऊबीजेला मी तुझ्याकडे आले तेव्हापासून. माझ्यासमोर तू आईला उचलून खुर्चीत ठेवलंस. कंबर धरलेला माणूस असा उचलतो होय?"

"मग भावोजींना का नाही सांगितलंस?"

शेजारच्या इमारतीत कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. "काय सांगू रे?" ती म्हणाली. "तू कंटाळलास म्हणून? मी काय कमी कंटाळले होते? एकोणीस वर्षं रविवारी माझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. कपड्यांचे डाग निघत नाहीत. पण मी कुठल्या कंबरेचं निमित्त करणार?" मग थोड्या वेळाने, "आणि तुझ्यासाठी काहीतरी करायला मिळालं होतं त्यांना. आधी सगळं गाडीसाठी होतं. हे पहिल्यांदा कुणासाठी तरी होतं. ते कसं मोडू?"

मला वाटलेलं, ती मला रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

गाडी अजून विकलेली नाही. विकू नये असं काही आम्ही ठरवलेलं नाही. ठरवायलाच कुणाला जोर नाही. मी पुन्हा रविवारी जायला लागलोय, ताईला सोबत म्हणून. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर ताई आपणहून म्हणाली, "चालू कर बघू. बॅटरी उतरेल." तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. मी विचारलं, "येतेस? पुलापर्यंत जाऊन येऊ." तिने पदर खोचला, त्या पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि वर चढून बसली. एवढ्या वर्षांत तिला त्या गाडीत इतकं सहज चढताना मी पाहिलं नव्हतं.

मेमधली दुपार. रस्त्यावर कुणी नव्हतं. काळू नदीच्या पुलाअलीकडे एका चिंचेच्या सावलीत मी गाडी बाजूला घेतली. नदीला पाणी नव्हतंच जवळजवळ. काहीतरी बोलावं म्हणून ताईकडे वळलो, तर तिची मान त्या निळ्या सीटवर कलली होती आणि तोंड किंचित उघडं. भावोजी गेल्यापासून तिला नीट झोप नाही हे मला माहीत होतं. डॉक्टरांच्या गोळ्या घेऊनही पहाटेपर्यंत जागी असते. आता भर दुपारी, इंजिनाची धडधड चालू असताना, ती गाढ झोपली होती.

माझा हात चावीकडे गेला आणि थांबला. या आवाजात ती एकोणीस वर्षं राहिलेली बाई. आवाज बंद झाला तर जागी होईल असं मला वाटलं. मी चावी तशीच राहू दिली. माझ्या सीटची एक स्प्रिंग पाठीत टोचत होती; मी जरा पुढे सरकून बसलो. एकदा उष्णतेचा काटा बघितला. मुरबाडनंतर बसवलेला मोठा पंखा काम करत होता, काटा मधोमध स्थिर होता. डिझेल अर्ध्याच्या वर होतं. घरी जायची घाई आम्हा दोघांपैकी कुणालाच नव्हती.