शेंडीखालचा ठिपका

देवीवर माझा विश्वास होता, पण देवीच्या दारात बसणाऱ्यांवर नव्हता. महाद्वाराबाहेर वेताची बुट्टी मांडून ओटीचं सामान विकणाऱ्या बायका मला लबाड वाटायच्या. ओटीत वाहिलेला नारळ लोक प्रसाद म्हणून घेऊन बाहेर येतात, पायरीवरच्या भिकाऱ्यांना देऊन टाकतात, आणि तोच नारळ फिरून या बायकांच्या बुट्टीत येतो, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणजे आपण देवीला तिचंच उष्टं पुन्हा वाहायचं. मी दुकानातूनच नारळ घ्यायची, तोही कानाशी हलवून. आमचे हे मात्र हौसाक्काकडून घ्यायचे. ही गडमुडशिंगीहून येणारी म्हातारी भिंतीच्या कडेला बसायची. "मागं अतिक्रमणवाल्यांनी तिची बुट्टी उचलली, तर बिचारी कितीतरी दिवस दिसलीच नाही. पुन्हा बुट्टी गेली तर ती उठायची नाही," असं हे सांगायचे. मी म्हणायची, रस्ता अडवला की उचलणारच. शिवाजी पेठेत फुटपाथ मोकळे करा म्हणून ओरडणाऱ्यांत मी पुढं असते, ते काय उगीच?

त्या दिवसांत माझी लेक जयसिंगपूरला सासरी अंथरुणाला खिळून होती. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळं या वेळी डॉक्टरांनी तिला उठायलाही बंदी केली होती. मी अंबाबाईला नवस बोलले होते की सुटका होईपर्यंत दर शुक्रवारी तुझी ओटी भरीन. ओटी भरून घरी यायची आणि लगेच लेकीला फोन करायची. जेवलीस का, झोपलीस का, बाळ हललं का. एकदा जावईच म्हणाले, "आई, तुमचा फोन वाजला की हिला धडधडतं." मला राग आला, पण खरं तर धडधड माझीच होती. नवस बोलूनही जीव थाऱ्यावर नव्हता. वाटायचं, देवीपर्यंत आपलं काही पोचतच नसेल. हे वाहतात त्या उष्ट्या नारळांनीच घात केला असेल, असंही एक खूळ डोक्यात शिरलं.

म्हणून एका शुक्रवारी मी नारळाची शेंडी बाजूला करून खाली लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ओटी भरली. तो नारळ प्रसाद म्हणून माझ्याच हाती परत आला. पायरीवर एक बोळकी म्हातारी बसते, तिच्या पुढ्यात तो ठेवला आणि पुन्हा प्रदक्षिणेला गेले. प्रदक्षिणा कसली, पाळतच ती. थोड्या वेळानं बाहेर येऊन थेट हौसाक्कापुढं उभी राहिले आणि तिच्या बुट्टीतले नारळ एकेक करून उचलून बघायला लागले. ती म्हणाली, "घ्या की वैनी, समदं ताजं हाय." वरच्या नारळांत काही सापडलं नाही. पण बुट्टीच्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या तुकड्याखाली एक नारळ वेगळा ठेवला होता. शेंडी उचलली तर खाली लाल ठिपका.

मला आनंद झाला. देवीच्या दारात, दुसऱ्याची चोरी सापडल्याचा आनंद. "आक्का, हा नारळ आत्ता मी वाहिलेला आहे," मी चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले. ती काही बोलणार तोच गल्लीच्या तोंडाला ओरडा झाला, "गाडी आली, गाडी." सगळ्या बायकांची पळापळ उडाली. हौसाक्कानं खणांचं गाठोडं काखेत मारलं. बुट्टी उचलायला वाकली, पण गुडघा धरून तशीच उभी राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, बुट्टीकडं ध्यान द्या जरा." आणि लंगडत बोळात दिसेनाशी झाली.

अतिक्रमणाच्या गाडीतून उतरलेला माणूस माझ्यापाशी आला. "काकू, बुट्टी कुणाची ही?"

मला फक्त खरं बोलायचं होतं. ठिपक्याचा नारळ अजून हातातच होता. बोळाकडं नुसतं बोट केलं असतं तरी माझ्या मनासारखं सगळं झालं असतं. मी कळसाकडं पाहिलं, आणि माझ्याच तोंडून आलं, "माझी आहे. ओटीची."

"एवढं नारळ?"

"नवस आहे लेकीचा."

त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी लोकांकडं पाहते अगदी तसंच. मग काय वाटलं कोण जाणे, पुढं निघून गेला. मी भरल्या बुट्टीशेजारी उभी होते. ते शब्द मी ठरवून बोलले नव्हते, एवढं मात्र नक्की.

गाडी गेल्यावर हौसाक्का आली. बुट्टी जागेवर दिसताच मट्‌कन खाली बसली. मी विचारलंच, "त्या म्हातारीचा नारळ तुमच्याकडं कसा?"

"तिच्या त्वांडात दात हाईत व्हय? ती मला नारळ देती, मी तिला भाकरी आन च्या देतो. नारळ आमच्या कालवणात जातो."

"विकत नाही?"

"इकायचा आसता तर गोणपाटाखाली कशाला ठिवला आसता? इश्वास न्हाई न्हवं तुमचा?"

"पुरता नाही," मी म्हणाले. खोटं एकदा बोलून झालं होतं, पुन्हा नको वाटलं.

ती हसली. "ऱ्हाऊ द्या. माझा बी तुमच्यावर न्हवता. पर बुट्टी ठिवायला दुसरं कोन हुतं?"

त्या वाक्यानं माझे डोळे भरून आले. मी नवस बोलले, पण देवीवर भार टाकलाच नव्हता. नारळ वाहायचा आणि तो कुठं जातो म्हणून मागं फिरायचं. लेकीला देवीच्या पदरात घालायचं आणि वर फोन करून तिचीच उलटतपासणी घ्यायची. या म्हातारीनं मात्र, विश्वास नसतानाही, सगळा संसार माझ्यापुढं ठेवून पाठ फिरवली होती. बुट्टी ओटीची, नवसाची, असं देवीच्या दारात बोलून गेले होते, आता ते खरं करणं भाग होतं. ठिपक्याचा नारळ गोणपाटाखाली ठेवला आणि हौसाक्काच्या बुट्टीतला दुसरा विकत घेऊन मी त्याच पावली पुन्हा ओटी भरायला गेले. त्या दुपारी लेकीला फोन केला नाही. संध्याकाळी तिचाच आला, "आई, बरी आहेस ना?"

पुढं तिची सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली. देवीनं केलं की डॉक्टरांनी, या वादात मी पडत नाही. मी दोघांचीही ऋणी आहे. आणि बोळाकडं जाणारं माझं बोट त्या दिवशी ज्या कुणी अडवलं, त्याचीही.

बाळंतीण बाळाला घेऊन देवीला आली तेव्हा हौसाक्कानं बसल्या जागेवरून तिची ओटी भरली. नारळ पदरात पडला आणि माझी बोटं सवयीनं शेंडीकडं गेली, तिथंच थांबली. घरी तो नारळ सोलून फोडायला मी यांच्या हाती दिला आणि पाठ करून उभी राहिले. खोबरं गोड निघालं.