वार न्यायले नेलेलं मडकं

नातीच्या बाळंतपणाले मी दवाखान्यात नवं कोरं मडकं घेऊन गेले, तर खाटेवरच्या बाया हसल्या. हसू द्या. मेडशीच्या वरच्या अंगाले, डोंगरात आमची आदिवासी वस्ती. आमच्यात बाळ झालं की त्याच्यामागून पडलेली वार मडक्यात घालून न्हाणीपाशी पुरतात. मग ते लेकरू पोटासाठी कुठंही जावो, त्याचं गाव ठरलेलं. खड्डा तर मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता.

मी वस्तीची सुईण. आधी उपकेंद्रात एक सिस्टर राह्याची, तिचं नि माझं बरं जमे. ती नाळ कापे, इंजेक्शन दे, अन् वार माझ्या हवाली करी. "घे माय, आता तुझं काम." मग सरकारनं ठरवलं, बाळंतपण दवाखान्यातच. वाईट नाही ठरवलं हो. घरी रक्त जाऊन गेलेल्या बाया मी पाहिल्यात. पण आमा सुइणींले शिकवायले बोलावलं तेव्हा हात कसे धुवायचे ते सांगितलं. तुमच्यात काय करतात, हे कोणी विचारलंच नाही.

नातीले मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्यातल्या तरण्या सिस्टरपुढं मडकं धरलं.

"काय आणलं आजी, वरण?"

"रिकामं हाय बाई. वार दे याच्यात."

"नाही देता येत. ती पिवळ्या पिशवीत जाते. गाडी येऊन नेते."

"कुठं?"

"जाळायले."

"अवो, जाळता कायले? आमी नेतो ना घरी!"

पोरगी वाईट नव्हती. हळूच म्हणाली, "माही वारबी आमच्या आजीनंच पुरली होती. पण आता नियम हाय."

येताना गाडीत मडकं माझ्या मांडीवर, अन् लेकरू नातीच्या.

पुढं घरी नाळेचा सुकलेला तुकडा गळून पडला, बोटाच्या पेराएवढा. तोच मडक्यात घातला. उचललं तर आत खडखड वाजे. एवढ्या मोठ्या खड्ड्यात तेवढंच ठेवलं अन् माती लोटली.

दारातून नात म्हणाली, "झालं ना आजी आता?"

तिच्या मांडीवर लेकरू पीत होतं. मी माती हातानं दाबली.

"झालं माय," म्हटलं.