साहेबिणीचा दुसरा नंबर

श्रावणातल्या एका दुपारी मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा सत्तारभाईंचा फोन आला. सत्तारभाई म्हणजे माझ्या मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, गावातले सुतार. फोनवर ते नेहमी आधी तब्येत विचारतात, मग पावसाचं. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "मास्तर, मामा गेला तुमचा. सकाळी चाय घेऊन गेलतो, तं उठलाच नाई." मी उठून खिडकीपाशी गेलो... आणि त्या क्षणी जे पहिलं वाटलं ते इथे लिहून टाकतो, कारण ते लपवून पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. दुःख नंतर आलं, रात्रीच्या आत आलं आणि अजून गेलेलं नाही. पण आधी मला हायसं वाटलं. एक प्रश्न आता मला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

विश्वनाथमामा बाळापूरपासून आतल्या एका गावात राहत. मूलबाळ नव्हतं, मामी जाऊन नऊ वर्षं झाली होती, शेत बटाईनं दिलेलं. घरात ते आणि साहेबीण. साहेबीण म्हणजे बंदूक. विलायती दुनळी, पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेली, नेहमीच्या बंदुकीपेक्षा हातभर लांब वाटणाऱ्या नळ्यांची. बैठकीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची आणि पंचक्रोशीत तिची कीर्ती मामांपेक्षा मोठी होती. ती खुंटीवरून उतरवली की तळ्यावरची बदकं इकडे न बघताच उडतात, असं लोक सांगत. चक्रवाकाच्या जोडीवर रोखली तर चाप ओढूनही बार निघत नाही, असंही सांगत. मामांनी तरुणपणी थोडी शिकार केली होती, पण बंदी आल्यानंतर पाखरावर ती कधी रोखली नाही. हिवाळ्यात मला तळ्यावर न्यायचे ते रिकाम्या हातानं. हिमालयापलीकडून पट्टकादंब हंस उतरले की माझ्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटायचे, "हालू नको बापू, पावणे हायेत."

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसत, साहेबिणीला जुन्या चादरीत गुंडाळत आणि एसटीच्या थांब्यावर उभे राहत. लोक हटकायचे, "काय विश्वनाथराव, साहेबीण माहेरी निघाली काय?" मामा म्हणायचे, "हो ना बावा, निकाल लागल्याबिगर सासरी नाई येत म्हणते."

पण तिचा खरा दिवस दसऱ्याचा. सीमोल्लंघन करून परतणारे लोक सोनं द्यायला आधी मामांकडे येत. साहेबिणीला झेंडूची माळ असे, दस्त्याला हळदकुंकू लावलेलं असे. पाच-पन्नास माणूस ओसरीपर्यंत बसायचं आणि मामा गोष्ट सांगायचे. इंग्रजांच्या काळात एक साहेब हिवाळी सकाळी आमच्या तळ्यावर शिकारीला आला. पाखरं उठवायला सोबतीला मामांचे आजोबा. साहेब बदकाच्या मागे पुढे पुढे गेला आणि छातीपर्यंत गाळात रुतला. दोर नाही, काठी नाही. आजोबांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे गाळावर टाकले, त्यावर पोटावर झोपले. साहेबानं बंदूक पुढे केली, आजोबांनी नळ्यांचं टोक धरलं. दस्ता साहेबाच्या हातात, नळ्यांचं तोंड आजोबांच्या छातीकडे. "आन् भरलेली व्हती, दोन्ही नळ्या," मामा म्हणायचे. "साहेबाचं बोट जरासं सरकलं असतं, तं मी अठी बसलो नसतो." साहेब बाहेर आला आणि म्हणाला, जिनं मला ओढून काढलं ती आता तुझी.

ही गोष्ट मी तीस-पस्तीस वेळा ऐकली असेन. मी इतिहास शिकवतो. तीन वर्षांपूर्वी मला वाटलं, ही तपासून पाहावी. मामांना सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे खुलले. "पाय ना! तिचा कागद निघाला तं मले वाचून दाखव." त्यांनी खाटेवर पांढरं धोतर अंथरलं, स्वतःच्या हातानं नळ्या वेगळ्या केल्या, आणि मी फोटो काढत असताना टॉर्च धरून उभे राहिले. नळ्यांच्या पोटाशी कारखान्याचा छाप होता आणि एक नंबर. इंग्लंडमध्ये अशा जुन्या कारखान्यांच्या वह्या सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी ईमेल केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोन परिच्छेदांचं. पहिल्यात या नंबराच्या नळ्या तयार झाल्याचं साल होतं; जुन्या गॅझेटांत मी पाहिलं होतं, गोष्टीतला साहेब त्याच्या बरीच वर्षं आधी वऱ्हाडातून बदलून गेला होता. दुसऱ्यात लिहिलं होतं, की झिजलेल्या नळ्या काढून नव्या बसवणं त्या काळी सर्रास चाले, तेव्हा चापाच्या बाजूच्या भागावरचा नंबरही पाहावा. तो पाहिल्याशिवाय खात्रीनं काही म्हणता येणार नाही.

तो दुसरा परिच्छेद मी गाळला. चापाशी गंज होता, घासून पाहायला पुन्हा गावी जावं लागलं असतं, परीक्षा तोंडावर होत्या... ही कारणं खरी आहेत, पण ती नंतर सुचलेली. मूळ कारण असं, की लेख माझ्या डोक्यात आधीच तयार झाला होता. चांगला खुसखुशीत झाला होता. शेवटचं वाक्य ठाम होतं: ही बंदूक त्या साहेबाची असूच शकत नाही. तो परिच्छेद घातला असता तर लेखाचा कणाच मोडला असता. आज हे तुम्ही वाचताय त्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीत तो छापून आला. तुम्हा वाचकांपैकी काहींनी तेव्हा फोन करून कौतुक केलं होतं. प्राचार्यांनी बैठकीत उल्लेख केला. लेख मी मामांना पोस्टानं पाठवला. गोष्टीतली चूक दाखवली म्हणजे माणसाचा अपमान होत नाही, असं मी तेव्हा स्वतःला बजावत होतो.

गावात तो पोस्टाच्या आधी पोचला. कुणीतरी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'साहेबीण डुप्लिकेट निघाली'. तो दसरा कसा गेला हे मला सत्तारभाईंनी सांगितलं, कारण मी गेलो नव्हतो. माळ घातली होती, सतरंज्या अंथरल्या होत्या. लोक आले, पण दारातूनच सोनं देऊन निघाले. एकजण म्हणाला, "काका, औंदा नवीन स्टोरी काढा." मामाही त्याच्याबरोबर हसले. दिवे लागेपर्यंत ते सतरंजीवर बसून होते, मग त्यांनी आणि सत्तारभाईंनी मिळून सतरंज्या घडी केल्या. पुढच्या दसऱ्याला त्यांनी त्या काढल्याच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा अमरावतीला आमच्याकडे चार दिवस राहिले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गॅलरीत बसायचे, खाली कोचिंग क्लास सुटला की मुलांच्या गाड्यांचा आवाज ऐकत. तोवर त्यांनी लेखाविषयी चकार शब्द काढला नव्हता. निघायच्या दिवशी तिथेच चहा घेताना म्हणाले, "बापू, मले एक सांग. तो नंबर तू बराबर पायला व्हता ना?"

"हो मामा."

"सगळीकून पायला व्हता?"

मला तो दुसरा परिच्छेद आठवला. अक्षरं आठवली, ओळी आठवल्या. तिथेच म्हणता आलं असतं, मामा, माझ्याकडून एक राहिलं. समोर पट्टी बांधलेला म्हातारा माणूस, तोही आपला. लाज वाटायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "नंबर खोटं बोलत नसतो, मामा."

"तेही खरंच हाय," मामा म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. मी त्यांना अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. ती शेवटची भेट.

परवानाधारक गेला की वारसानं बंदूक ठाण्यात जमा करायची असते. तेरवी झाल्यावर मी आणि सत्तारभाई साहेबिणीला चादरीत गुंडाळून तालुक्याला गेलो. हवालदार बाईंनी परवान्याची वही उघडली, फडक्यानं चापाजवळची पट्टी घासली आणि तिथला नंबर वहीतल्या नंबराशी ताडून मोठ्यानं वाचला. मी म्हणालो, "मॅडम, काहीतरी चुकतंय. हिचा नंबर वेगळा आहे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही नळीवरचा म्हणता का? तो आम्ही धरत नाही. नळ्या बदलतात. हा बघा, हाच चालत आलाय." त्यांनी बोट ठेवलं. गंजाखाली आकडे होते, बारीक, झिजलेले, नळीवरच्या नंबराशी अजिबात न जुळणारे. परवान्याच्या वहीत तेच, पानामागून पान, मामांच्या सहीशेजारी.

बाहेर आल्यावर मी सत्तारभाईंना विचारलं, "मामांना हे माहीत होतं?"

"माईत? तोंडपाठ व्हता त्याले. दर इलेक्शनले हाच नंबर पुकारते. तुमचा लेख आला त्याच दिवशी वही काढून बसला. म्हणे सत्तार, पोरगं चुकलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी तं म्हटलं व्हतं, चाल अमरावतीले, पेपरवाल्याइले वही दाखवू. तं मलेच शिव्या देल्ल्या. म्हणे, अबे, तो कालेजात शिकवते, पोरं हासतीन त्याले. साहेबिणीवर हासले तं काय फरक पडते, तिले कान कुठी हाय!"

म्हणजे गॅलरीत ते मला विचारत नव्हते. मला परत यायची वाट दाखवत होते, आणि ती मी माझ्या हातानं बंद केली.

साहेबिणीची गोष्ट खरी ठरली, असं मी म्हणत नाही. दोन नंबर वेगळे आहेत, एवढंच आज सांगता येतं. पण माझ्या त्या लेखातलं ठाम वाक्य खोटं होतं, आणि ते लिहिताना मला ठाऊक होतं. हे मामांच्या हयातीत लिहायला हवं होतं. तीन दसरे माझ्या हातात होते, आणि चार दिवस तर ते माझ्याच घरात होते.

यंदाच्या दसऱ्याला मी गावी गेलो. बैठक उघडली, सतरंज्या अंथरल्या, दार सताड उघडं ठेवून बसलो. खुंट्यांमध्ये साहेबिणीच्या लांबीचा पट्टा भिंतीच्या जुन्या रंगाचा राहिला आहे. रस्त्यानं लोक येत-जात होते. दोघा-तिघांनी आत येऊन सोनं दिलं, मामांविषयी बरं बोलले आणि निघाले. अंधारू लागल्यावर सत्तारभाई आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "हं, सांगा."

"काय?"

"अरे, दसरा हाय ना मास्तर."

मी सांगू लागलो. तळं, हिवाळी सकाळ, गाळ. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यानं माझा आवाज वर्गात बोलल्यासारखाच येत होता. पऱ्हाट्यांचे भारे टाकून झाले, आजोबांनी नळ्यांचं टोक धरलं, तशी सत्तारभाईंनी हात वर केला. "असं नाई. भरलेली हाय म्हणाची पाळी आली का तुमचा मामा आवाज खाली न्यायचा. बम खाली. मांगच्यायले पुढं सरका लागे."

मागे कोणीच नव्हतं. मी भाऱ्यांपासून पुन्हा सुरू केलं, आणि त्या जागी आल्यावर आवाज इतका खाली नेला, की सत्तारभाई हातावर रेटा देऊन जरासे पुढे सरकले.