ताईच्या चित्रातलं चिलट

परवा भाचीबरोबर एक प्रदर्शन पाहिलं. अंधाऱ्या दालनात कुणा मोठ्या चित्रकाराची फुलं प्रोजेक्टरच्या उजेडातून भिंतींवरून, जमिनीवरून, आमच्या अंगावरून वाहत होती. माझ्या साडीवर अख्खी बाग डोलत होती. "मावशी, आपण चित्राच्या आत आलोय!" भाची म्हणाली. मलाही क्षणभर तसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग दिवे लागले. अंगावर रंगाचा एक ठिपकाही राहिला नव्हता.

घरी आल्यावर तिला भिंतीवरच्या त्या छोट्या चित्रापाशी नेलं. ते तिच्या आईनं, माझ्या ताईनं, कृष्णेच्या घाटावर बसून काढलेलं. मी शेजारी बसून नुसती चिलटं हाकत होते. त्यातलं एक ओल्या केशरी आभाळात चिकटलं. मी नखानं काढायला गेले, तर ताईनं माझं मनगट धरलं. "राहू दे गं. तेही आलंय ना आपल्याबरोबर."

ताई गेली, तेव्हा भाची जेमतेम चालायला लागली होती. घाटावरची ती संध्याकाळही केव्हाच सरली. त्या संध्याकाळचं खरंखुरं असं एवढंच उरलंय, रंगात वाळलेलं, तिळाएवढं.

भाचीनं अगदी जवळ जाऊन पाहिलं. "आईला हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं. तिनंच काढू दिलं नाही."

ती श्वास रोखून उभी राहिली, जणू तिच्या श्वासानं ते उडून जाईल.