वनिताला कोणी विचारलं?

मंडळी, आज दुपारी साकोलीतल्या माझ्या खानावळीत वनिताचा भाऊ आला. वनिता माझ्याकडे कामाला आहे; पस्तिशीची, बौद्धिक अपंगत्व असलेली. अपंगांना काम शिकवणाऱ्या एका संस्थेच्या प्रशिक्षक मॅडमनी दोन महिने तिच्या शेजारी उभं राहून तिला डबे भरायला शिकवलं. आता ती एकटी भरते.

भाऊ मला म्हणाला, "ताई, उद्यापासून तिले पाठवत नाही. लोक म्हणतात, अशा बहिणीले कामाले लावलं."

मी त्याला समजावू लागले. तेवढ्यात वनिता म्हणाली, "दादा, बाजूले सरक. माहे डबे राहिले ना!"

तो सरकला. शेवटचा डबा बंद होईपर्यंत बघत राहिला. मग त्याने हळूच तिलाच विचारलं, "उद्या यायचं हाये का तुले?"

"हो. रोज यायचं हाये."

खरं सांगते, मीही तोवर तिच्याबद्दल त्याच्याशीच बोलत होते. तुमच्याकडूनही असं होतं का?